मैदानावरील दोन मापे

सन २०२५ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २ तारखेस आमच्या नवी मुंबईतील नेरूळ येथे डी. वाय. पाटील क्रीडांगणावर भारताच्या महिला क्रिकेट संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून विश्वचषक प्रथमच हस्तगत केला, ही गोष्ट वाचकांच्या स्मरणातून इतक्यात जाण्यासारखी नाही. पावसाने सामना दोन तास लांबवला होता. शेवटचा गडी बाद झाला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. तो गडी कोणी बाद केला? चेंडू दीप्ती शर्मा यांचा, झेल कर्णधार हरमनप्रीत कौर यांचा. ह्या दोन नावांवरूनच आज आम्हांस काही लिहावयाचे आहे, आणि त्यातील सर्वच शब्द गोड लागतील अशी आमची समजूत नाही.

ह्या विजयापूर्वी तीन वर्षांमागे, २४ सप्टेंबर २०२२ रोजी, लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर इंग्लंडविरुद्ध एकदिवसीय सामना चालला होता. भारताच्या १६९ धावांपुढे इंग्लंडचे नऊ गडी ११८ धावांत बाद झाले असता चार्ली डीन व फ्रेया डेव्हिस या शेवटच्या जोडीने चिवटपणे धावसंख्या १५३ पर्यंत नेली. इतक्यात दीप्ती शर्मा गोलंदाजीस धावत आल्या, आणि आपल्या बाजूस उभ्या असलेल्या डीन चेंडू सुटण्याच्या आधीच क्रीज सोडून पुढे गेल्या आहेत असे पाहून त्यांनी तेथल्या तेथे बेल्स उडवल्या. पंचांनी धावबाद दिले व सामना भारताने १६ धावांनी जिंकला. झाले! खेळाची सभ्यता बुडाली, पाहुण्यांनी घरात येऊन दगा केला, असा एकच गहजब विलायतेत उडाला.

आता आमच्या व्यापारी वाचकांनी हा व्यवहार आपल्या नेहमीच्या हिशेबी नजरेने पाहावा. दोन्हीकडच्या यष्ट्यांमधील अंतर २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. परंतु एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंत प्रत्यक्ष धावावयाचे अंतर ५८ फूट. चेंडू सुटण्यापूर्वीच जो तीन फूट पुढे सरकला, त्याने प्रत्येक धावेमागे सुमारे विसांतला एक भाग न मोजताच उचलला. वाशी-तुर्भ्याच्या बाजारात वीस किलोच्या गोणीत कोणी एकोणीस किलो भरले तर त्यास आपण चतुर म्हणत नाही. मापात पाप म्हणतो. लॉर्ड्सवरील हे पाऊल एकदाच चुकून पुढे पडले होते असेही नव्हे. एका क्रीडापत्रकाराने चित्रफीत तपासून मोजणी केली, तेव्हा त्याच डावात त्यापूर्वी सत्तराहून अधिक वेळा डीन यांनी अशीच वेळेआधी जागा सोडलेली आढळली. त्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. लहानपणापासून लागलेली ती सवय असेल. परंतु वजनमापाचा निरीक्षक दुकानदाराचा हेतू विचारीत नाही, वजन पाहतो. ज्याचे माप अपुरे तो सभ्य, आणि ज्याने तराजूकडे बोट दाखवले तो असभ्य, हा कोणत्या गावचा न्याय?

हा न्याय नवा मात्र नाही. देश स्वतंत्र होऊन चार महिने होतात न होतात तोच, १९४७ च्या डिसेंबरात, सिडनीच्या कसोटी सामन्यात विनू मांकड यांनी ऑस्ट्रेलियाचे बिल ब्राउन यांना अशाच रीतीने बाद केले. त्याआधी महिनाभर त्याच मैदानावरील दुसऱ्या एका सामन्यात मांकड यांनी ब्राउन यांना प्रथम ताकीद दिली होती, आणि तरीही ते पुढे सरकले तेव्हाच बाद केले होते. ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ब्रॅडमन यांनी स्वतः मांकड यांची बाजू घेतली. तरी वृत्तपत्रांनी ह्या कृतीस जे नाव दिले ते ब्राउन यांचे नव्हे, मांकड यांचे! १९५२ साली लॉर्ड्सवर एकाच कसोटीत ७२ व १८४ धावा काढणारा, आणि १९५६ साली मद्रासेस पंकज रॉय यांच्यासह ४१३ धावांची सलामी देणारा हा पुरुष जगाच्या तोंडी राहिला तो एका निंदाव्यंजक क्रियापदाच्या रूपाने. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी. सुनील गावसकर यांनी ह्या शब्दाविरुद्ध वारंवार तक्रार केली आहे, व ती रास्त आहे. खुद्द नियम करणाऱ्या मेरिलेबोन क्रिकेट क्लबासही हे अखेर उमगले. ह्या प्रकारास गैरखेळाच्या ४१ व्या नियमातून काढून साध्या धावबादाच्या ३८ व्या नियमात घालण्याचे क्लबाने २०२२ च्या मार्चातच जाहीर केले होते. तो बदल त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून, म्हणजे लॉर्ड्सवरील गहजबानंतर सातव्या दिवशी, अमलात आला.

कोणी म्हणतील, कायद्याचे सर्व खरे, पण आधी एकदा सूचना द्यावयास काय हरकत होती? हरकत काहीच नाही. सूचना देणे हे औदार्य आहे; परंतु औदार्य हक्काने मागता येत नाही, आणि न मिळाल्यास फसवणूक झाली असेही म्हणता येत नाही. येथे आम्हांस आपल्या पक्षाचीही एक उणीव सांगितली पाहिजे. पुढे दीप्ती शर्मा यांनी, आम्ही आधी ताकीद दिली होती, असे सांगितले. इंग्लंडच्या हेदर नाइट यांनी ती दिलीच नव्हती असे जाहीरपणे म्हटले. ह्या वादात कोणाचे खरे, ह्याचा निवाडा आम्ही करीत नाही. मात्र जी कृती नियमाने शुद्ध होती तिला ताकिदीचा टेकू देण्याची गरजच नव्हती. टेकू दिला की भिंत कच्ची असल्याचा संशय पाहणाऱ्यास येतो.

त्या दिवशी कर्णधार हरमनप्रीत कौर आपल्या गोलंदाजाच्या पाठीशी ठामपणे उभ्या राहिल्या. नियमात जे बसते तेच आम्ही केले, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. उत्तम. पण दहा महिन्यांनी, २२ जुलै २०२३ रोजी, बांगलादेशातील मीरपूर येथे ह्याच कर्णधारांनी, पंचांनी बाद दिले म्हणून संतापून बॅटीने यष्ट्या उडवल्या, बक्षीस समारंभात पंचांची निर्भर्त्सना केली, आणि चषकासह छायाचित्र काढताना पंचांनाही बोलवा, असा टोमणा यजमान संघास मारला. सामना बरोबरीत सुटला होता, मालिकाही बरोबरीत. म्हणजे रागास कारण होते ते एवढेच. आंतरराष्ट्रीय मंडळाने सामन्याच्या मानधनाचा पाऊण हिस्सा दंड केला व दोन सामन्यांची बंदी घातली. त्यांनी अपराध कबूल करून शिक्षा भोगली. येथवर त्यांच्याविषयी आमची तक्रार संपली. आमची तक्रार आहे ती घरोघरच्या प्रेक्षकांविषयी. लॉर्ड्सच्या वेळी ‘नियम म्हणजे नियम’ असे गर्जणारेच कित्येक गृहस्थ मीरपूरच्या वेळी ‘पंच पक्षपाती होते, राग येणारच’ असे म्हणू लागले. नियम लॉर्ड्सवर शिरोधार्य आणि मीरपूरला नाही? घेताना एक माप आणि देताना दुसरे माप ठेवणाऱ्या वाण्याकडे हेच गृहस्थ दुसऱ्यांदा पायरी चढतील काय?

ह्यात इंग्रजांनी आपल्यास हसण्याचे कारण नाही. २ जुलै २०२३ रोजी लॉर्ड्सवरच ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलेक्स केरी यांनी क्रीज सोडून गेलेल्या जॉनी बेअरस्टो यांना नियमाने यष्टिचीत केले, तेव्हा नियमांचे माहेरघर म्हणवणाऱ्या त्याच क्लबाचे सभासद दिवाणखान्यातून जाणाऱ्या पाहुण्या खेळाडूंच्या अंगावर ओरडले. तिघांना निलंबित करण्याची पाळी क्लबावर आली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण मराठीत असली तरी तिची वस्ती सर्व देशांत आहे.

असो. दूरच्यांना उपदेश करण्यापेक्षा आपल्या अंगणाकडे पाहणे बरे. सुटीच्या सकाळी नेरूळ, सानपाडा, खारघर येथील मैदानांवर मुलांचे सामने भरतात. अशाच एका सामन्यात दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाने पुढे सरकलेल्या फलंदाजास धावबाद केले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या वडील मंडळींनी त्यास दटावून तो गडी परत बोलावयास लावल्याचे आम्ही पाहिले. तीच मंडळी पुढच्या षटकात पंचावर हात उगारून धावली. त्या पोराने त्या दिवशी काय शिकावे?

म्हणून आमची सूचना एवढीच. ज्या शाळा, क्लब व मंडळे ह्या शहरात सामने भरवतात त्यांनी पंचांकरवी नाणेफेकीच्या वेळीच दोन्ही कर्णधारांस सांगावे की, चेंडू सुटण्यापूर्वी जागा सोडणारा धावबाद होईल व त्यावर कुरकुर चालणार नाही. शिक्षकांनी मुलांस चेंडू सुटेपर्यंत बॅट क्रीजच्या आत टेकून ठेवण्याची सवय लावावी. आणि पंचाच्या अंगावर जो पालक धावेल त्याच्या मुलास नव्हे, तर त्या पालकासच पुढील दोन सामने मैदानाच्या फाटकाबाहेर ठेवावे. मांकड यांचे नाव शिवीसारखे वापरणे तर आजपासूनच बंद करता येईल. त्यास कोणत्याही मंडळाच्या ठरावाची आवश्यकता नाही.