ओलांडणाऱ्यांची मोजदाद

फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने आग्रा-मुंबई मार्गावरील बी.आर.टी.एस. हटविण्यास मुभा दिली, तेव्हा शहरात बऱ्याच जणांनी सुटकेचा निःश्वास टाकला. 2013 साली सुरू झालेल्या त्या सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या बसमार्गाची वकिली करण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. माझी तक्रार वेगळी आहे. तो मार्ग बांधताना वाद झाला तो बस आणि मोटार यांचा, मोडतानाही तोच. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत पायी जाणाऱ्याने रस्ता कोठे व कसा ओलांडावा, यावर दोन्ही वेळी तितक्या तळमळीने कोणी भांडल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

नगरपालिका असो की महानगरपालिका, ओलांडणीची मागणी केली की उत्तर ठरलेले असते : 'पाहणी केली, संख्या अपुरी आढळली.' या उत्तरामागे एक सूत्र आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेनुसार, गर्दीच्या तासातील पादचाऱ्यांची संख्या गुणिले वाहनसंख्येचा वर्ग हा गुणाकार दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दहा कोटींच्या, आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर वीस कोटींच्या वर गेला, म्हणजे ओलांडणीची सोय समर्थनीय ठरते. सूत्रात दोष नाही. दोष आहे तो मोजण्याच्या जागेत. जेथे जाळी लावली, दुभाजक उंच केला, वाहनांचा वेग वाढू दिला, तेथे उभे राहून माणसे मोजायची आणि ती थोडी भरली की नस्ती बंद करायची! घाट नाही म्हणून नर्मदेच्या त्या काठी कोणी स्नानास उतरत नाही, आणि कोणी उतरत नाही म्हणून घाट बांधायचा नाही, असला हा न्याय आहे.

हे मी बाहेरून बोलत नाही. शासकीय सेवेत असताना एका लहान गावातील शाळेसमोरच्या ओलांडणीचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. मोजणी मे महिन्यात झालेली होती. शाळेला सुटी होती, हे माझ्या ध्यानातही आले नाही; मी 'अपुरी संख्या' या शेऱ्याखाली सही केली. नियमाप्रमाणे ती नस्ती निर्दोष होती.

केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांत 32,825 पादचारी होते आणि साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार. या संख्या मात्र कोणालाही अपुऱ्या वाटत नाहीत, कारण त्या कोणत्याच सूत्रात बसवायच्या नसतात.

दुसरे लाडके उत्तर म्हणजे पादचारी पूल. रस्त्यावर साडेपाच मीटर उंची मोकळी ठेवायची आणि वर पुलाची जाडी धरायची, म्हणजे सुमारे चाळीस पायऱ्या चढून तितक्याच उतरायच्या. मोटारीत बसलेल्याला गतिरोधकाचा एक धक्का नको, म्हणून गुडघे दुखणाऱ्या बाईने भाजीची पिशवी घेऊन दुमजली चढण चढायची. सायकलवाल्याने काय करायचे? सायकल खांद्यावर घ्यायची? पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा, रात्रपाळी संपवून परतणारा रखवालदार यांची सायकल हौसेची नसते. नकाशावर त्यांच्यासाठी पट्टा आखला जातो, त्यावर मोटारी उभ्या राहतात, आणि खरी गरज पडते त्या चौकातच तो पट्टा पुसट होऊन नाहीसा होतो.

सिग्नलचेही तेच. चालण्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरला, तर पंचवीस मीटरचा रस्ता एकवीस सेकंदांत पार होतो. सत्तरी उलटलेल्या माणसाचा वेग 0.8 धरून पाहा. एकतीस सेकंद लागतात. उरलेली दहा सेकंदे तो वाहनांच्या मध्ये उभा असतो.

कायदा मुका आहे असेही नाही. 2017 च्या वाहनचालनविषयक विनियमांनुसार झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्याला वाट देणे चालकावर बंधनकारक आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथ हा अनुच्छेद 21 खालील हक्काचा भाग असल्याचे म्हटले. मग पट्टे रंगवून, ते उंचवटा करून, दुभाजकात थांबण्यापुरती जागा सोडून भागते, तेथे कोट्यवधींचे पूल कशाला? रंग आणि उंचवटा यांचे उद्घाटन होत नाही, हे त्याचे खरे कारण असावे, असा मला संशय आहे.

आपल्या सभेच्या व्याख्यानांना पहिल्या रांगेत बसणारे एक ज्येष्ठ सभासद गेली दोन वर्षे दिसत नाहीत. प्रकृती ठीक आहे, वाचन चालू आहे. मी घरी गेलो तेव्हा म्हणाले, 'अहो, संध्याकाळी तो रस्ता ओलांडवत नाही, आणि रोज मुलाला काय सांगायचे?' त्यांचे घर सभागृहापासून सहाशे पावलांवर आहे. पुढील मोजणी होईल तेव्हा गणकाने त्यांच्या दारावरची घंटा वाजवावी, अशी मागणी मी लेखी करणार आहे. सभासदांपैकी ज्यांना सही करायची असेल त्यांनी पुढच्या रविवारी ग्रंथालयात यावे.