नैसर्गिक फोटो

आमच्या लग्नानंतर आम्ही उभयता स्टुडिओत गेलो होतो. मागे रंगवलेला पडदा, पुढे लाकडी स्टूल आणि "मान उजवीकडे... हलू नका!" ही आज्ञा. त्या फोटोत आम्ही दोघेही नुकतीच दाढ काढून आल्यासारखे दिसतो. म्हणून रत्नागिरीची पुतणी म्हणाली, "काका, लग्नाआधी आमचे फोटो काढायचेत, अगदी नैसर्गिक!" तेव्हा मला हसूच आले. नैसर्गिक दिसायला फोटोग्राफर कशाला? पण थोरले बंधू आज हयात नाहीत. मुंबईहून मुकाट्याने गेलो, पिशवी सांभाळायला.

सकाळी थिबा राजवाडा. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पदच्युत करून देशाबाहेर काढले. १९१०च्या सुमारास त्याच्यासाठी हा वाडा उभा राहिला आणि १९१६ साली तो याच गावी वारला. मायदेश पुन्हा न दिसलेल्या राजाचे घर, आणि तिथे लग्नाचे फोटो! भावी जावई तर असे ताठ उभे राहिले, की राजाचे पहारेकरीच वाटावेत.

फोटोग्राफर पोरगेलासाच, पण जाणता. म्हणाला, "ऊन डोक्यावर आले की डोळ्यांखाली सावल्या पडतात. संध्याकाळी भाट्याला जाऊ."

भाट्याच्या सुरूच्या बनापुढे ऊन तिरपे, मऊ झाले होते. "कॅमेरा विसरा," तो म्हणाला. "चपला हातात घ्या, ओल्या वाळूतून चाला आणि काहीही बोला." स्वतः लांबचे भिंग लावून दूर थांबला. मी पिशवी घेऊन मागे. वारा माझ्याच बाजूचा, त्याला मी काय करणार?

"गप्प का?"

"आपण पुण्याला गेलो की आई इथे एकटी."

तो थांबला. "हे आधी का नाही बोललीस?"

"तुझ्या घरचे काय म्हणतील, म्हणून."

"एक खोली आईंची. आजच सांगू त्यांना."

पुतणीने डोळे पुसले. त्याने तिच्या चपला आपल्या हातात घेतल्या. मी समुद्राकडे पाहू लागलो.

शे-दीडशे फोटोंतून वहिनींनी नेमका तोच निवडला. दोघांपैकी कोणी कॅमेऱ्याकडे पाहत नाही, तिचे डोळे ओले आहेत आणि त्याच्या हातात चपलांचे दोन जोड आहेत. पुण्याला जायला मात्र त्या तयार नाहीत. "आंब्याचा हंगाम सरला की येईन महिनाभर. कलमांकडे कोण बघणार?" पण खोली आपली आहे, हे त्या शेजारणींना दिवसातून दोनदा सांगतात.

सौभाग्यवतींनी तो फोटो पाहिला, मग भिंतीवरचा आमचा पाहिला. "तुम्ही कधी धरल्या होत्यात माझ्या चपला?"

वाचकहो, दिवाळीत रत्नागिरीस जाणे आहे. या खेपेस पिशवी घरी ठेवणार आहे. हात मोकळे हवेत.