ऑर्डर घेताना तासही मोजा

डहाणू तालुक्यातील वरोर, वाढवण, चिंचणी या किनारी गावांत घरोघरी डायमेकिंग चालते. दागिन्यांचे नक्षीदार साचे पोलादावर कोरणाऱ्या या कारागिरांवर ना साहेब, ना त्यांना हक्काची रजा. लग्नसराईत ऑर्डर नाकारली तर व्यापारी तुटेल, या धास्तीने काम रात्रीवर जाते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२१ मधील अभ्यासानुसार, आठवड्याला ३५-४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो. त्यात मान वाकवून, नजर रोखून केलेले हे काम मान-खांदे आखडवते, डोळे थकवते. बोटांना वारंवार मुंग्या येत असतील, पकड सैल होत असेल तर मलमावर न भागवता डॉक्टरांना दाखवावे.

दर वीस मिनिटांनी क्षणभर दूर पाहावे, तासाला एकदा उठावे, रक्तदाब तपासत राहावा. पण एवढ्याने भागणार नाही. एका साच्याला किती तास लागतात हे वहीत लिहावे आणि त्या हिशेबानेच पुढची तारीख द्यावी. व्यापाऱ्यांनीही ऑर्डर वेळेआधी नोंदवावी. कारागिराचा हात टिकला तरच दोघांचाही धंदा टिकेल.