आधी खाट पाहा

दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या हौशी मुलाच्या हाती तांब्याची तार आणि सोल्डरिंग आयर्न पडले, की आठवडाभरात काही ना काही यंत्र उभे राहते. जमिनीतला धातू हुडकणारे यंत्र हा त्यातला मोठा आवडता प्रकार. पण होते काय, की यंत्र तयार होते आणि तोंडच उघडत नाही. नाही तर एकदा उघडले की मिटत नाही! खाली नाणे असो वा नसो, शीळ आपली चालूच. मुलगा हिरमुसतो आणि सगळे जोड उपटायला निघतो. वाचकहो, त्याआधी त्याला पुढील हकीकत सांगा.

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर चार्ल्स गिटो नावाच्या माथेफिरूने गोळ्या झाडल्या. एक गोळी पाठीत शिरली ती आतच राहिली. नेमकी कोठे, ते कळेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून १४ वर्षे अवकाश होता. तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल मदतीस धावले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी सम्नर टेंटर यांनी रात्रीचा दिवस करून एक यंत्र जुळवले. तारेची दोन वेटोळी एकमेकांवर अशा बेताने ठेवायची, की एकीतल्या तुटक प्रवाहाचा दुसरीवर परिणाम होऊ नये. दुसरीला टेलिफोन जोडायचा. जवळ धातू आला, की तोल ढळतो आणि कानाशी आवाज उमटतो. यादवी युद्धातल्या जुन्या सैनिकांच्या अंगातल्या गोळ्यांवर यंत्राची परीक्षाही झाली.

२६ जुलैला बेल व्हाइट हाऊसमध्ये गेले. अध्यक्षांच्या अंगावरून यंत्र फिरवले, तर नुसती खरखर! खाली मान घालून ते परतले. तपासून पाहतात तो कंडेन्सर चुकीचा जोडलेला. घाईत झालेली साधी चूक.

१ ऑगस्टला दुरुस्त यंत्र पुन्हा फिरले. या खेपेस आवाज आला. पण एका जागी नव्हे, चांगल्या रुंद भागावर, मंद मंद. मग उलगडा झाला, की अध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांची दुसरी गादी होती. बेलनी तशीच गादी मिळवून परीक्षा घेतली. तिने फारसा घोटाळा केला नसावा असे त्यांचे मत पडले. पुढच्या पुष्कळ लेखकांनी मात्र त्या तारांकडेच बोट दाखवले आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. मुख्य डॉक्टर विलर्ड ब्लिस यांच्या मनाने घेतले होते, की गोळी उजव्या अंगाला आहे. म्हणून शोध झाला तो त्याच अंगाचा. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी सापडली मणक्याच्या डावीकडे, चांगली खोल. जखमेत न धुतलेली बोटे आणि सळया घालून झालेला संसर्गच त्यांना भोवला, असे आज बहुतेक डॉक्टर मानतात.

आता आपल्या यंत्राकडे वळू. घरगुती यंत्र पुष्कळदा दोन आंदोलकांचे असते. एकाची कंपने ठरलेली. दुसऱ्याची शोधाच्या वेटोळीवर अवलंबून. दोहोंतला फरक शीळ होऊन ऐकू येतो. यंत्र बिघडले, तर बेलच्याच क्रमाने जावे.

पहिल्याने जोड पाहा. वेटोळीच्या तारेवर रोगणाचा लेप असतो. टोके खरवडल्याखेरीज सोल्डर धरतच नाही. कंडेन्सरची दोन्ही टोके आपापल्या जागी आहेत ना? बॅटरी यंत्र चालू ठेवून मोजा. बंद यंत्रात मरगळलेली बॅटरीही ताजी भासते.

दुसऱ्याने खाट पाहा, म्हणजे आसपासचा धातू. दांड्यातला खिळा, बुटाच्या टाचेतली नाल, हातातली अंगठी नि घड्याळ, टेबलाखालची लोखंडी पट्टी. यंत्र उघड्यावर नेऊन धातूपासून दूर हवेत धरा. तेथे शीळ स्थिर राहिली, तर यंत्र निर्दोष समजा. ओल्या गवताला वेटोळी लागताच सूर बदलत असेल, तर वेटोळीभोवती पातळ धातूचा पत्रा गुंडाळून तो यंत्राच्या ऋण टोकाला जोडावा. मात्र पत्र्याची दोन टोके एकमेकांस भिडू देऊ नयेत, मध्ये फट हवीच. नाही तर तेच एक बंद कडे होऊन बसते. वेटोळीचे वेढे सैल असले, तरीही सूर हलतो. ते दोऱ्याने घट्ट बांधावेत.

तिसऱ्याने आपले मन पाहा. 'ट्रान्झिस्टरच जळला' असे एकदा मनाने घेतले, की मुलगा ट्रान्झिस्टर बदलत बसतो, आणि बिचारा एक कच्चा जोड डावीकडे तसाच पडून राहतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि प्रत्येक बदलानंतर ओळखीचे नाणे त्याच अंतरावर धरून पाहावे.

बेलचे यंत्र खोटे बोलत नव्हते. त्याला जेथे विचारले, तेथले त्याने सांगितले. डाव्या अंगाला कोणी विचारलेच नाही.