कुठे न्यायचं, ते आधीच लिहून ठेवू

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या एका पोराला घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो होतो. आठ दिवस त्याला झोप नव्हती, अन्न गोड लागत नव्हतं, एकटाच बोलत बसायचा. केसपेपरच्या खिडकीवर कळलं, मनाच्या आजाराचे डॉक्टर आज नसतात. मग कधी असतात? नक्की कुणालाच सांगता आलं नाही. त्याच्या आईच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती. जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि पुडीत बांधलेला अंगारा. दोन वर्षांत ती माउली पाच ठिकाणी फिरली होती, आणि एका ठिकाणी काय केलं ते दुसरीकडे कुणालाही ठाऊक नव्हतं. गोळ्या संपल्या की उपचारही थांबत.

आपल्या जालना जिल्ह्यात काहीच सोय नाही, असं नाही. सोय आहे, पण ती विखुरलेली आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू झाला. त्यात आशाताईंनी घरी येऊन विचारपूस करायची आणि १०४ क्रमांकावर सल्ला मिळायचा, अशी रचना होती. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. साठेक किलोमीटरवर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहे. जालन्यात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आलं आहे.

अडचण जोडणीची आहे. गावाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. निराधार योजनेचं काम तहसीलमध्ये, अपंगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयात. २०१६ च्या कायद्यानं मानसिक आजारही अपंगत्वात धरला आहे, पण हे किती घरांना माहीत आहे? मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या बाईनं रोज बुडवून ही चार दारं हुडकत फिरायचं, हे बरोबर नाही.

म्हणून माझी विनंती आहे की प्रत्येक गावानं कुठे कोणती मदत मिळते याचा आपला नकाशा करावा. त्याला संगणक लागत नाही. आशाताई, गुरुजी, मेडिकलवाला, बचत गटातल्या बाया, मंदिरातले पुजारी, दर्ग्यातले मुजावर यांनी एका संध्याकाळी बसावं. पुजारी-मुजावरांना मुद्दाम बोलवा. ‘बाहेरचं झालंय’ म्हणून लोक आधी त्यांच्याकडेच जातात, आणि त्यांनी ‘दुवाही घे, दवाही घे’ म्हटलं तर घरचे ऐकतात. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर असं काम झालेलं आहे.

कागदावर काय लिहायचं? जवळचे डॉक्टर कुठल्या वारी, कुठल्या खोलीत बसतात. कोणती कागदपत्रं न्यायची. गोळ्या फुकट मिळतात का, आणि किती दिवसांच्या देतात. सकाळची एसटी किती वाजता. सोबत कोण जाईल. प्रत्येक गोष्ट फोन करून किंवा स्वतः जाऊन खात्री केल्याशिवाय लिहू नका. फलकावरचा वार आणि डॉक्टर खरोखर येतात तो वार एकच असेल असं धरून चालू नका. दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. जिथे उत्तर मिळणार नाही तिथे जागा कोरी सोडा. ती कोरी जागाच ग्रामसभेच्या ठरावात घाला आणि आरोग्य अधिकारी व शल्यचिकित्सक या दोघांनाही पाठवा.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. कागदावर सेवांची नावं हवीत, आजारी माणसाचं नाव कधीच नको. एकदा का नाव भिंतीवर लागलं की ते घर पुन्हा मदत मागणार नाही.

कुणी जिवाचं बरंवाईट करायची भाषा बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीच्या औषधाचे डबे कुलपात ठेवा, १४४१६ लावा. काही घेतलंच असेल तर लगेच १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. पोलीस केस होईल म्हणून दडवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर उपचार करायचे असतात. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण दिसला तर पोलिसांना कळवा. ताब्यात घेतल्यावर २४ तासांच्या आत त्याला सरकारी दवाखान्यात पोचवणं त्यांचं काम आहे.

जालन्यात ३६५ खाटांचं प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर झालं आहे, ते व्हायलाच हवं. पण तिथून घरी आलेल्या माणसाची पुढच्या महिन्याची गोळी गावातच कुणीतरी आठवणीनं बघायची आहे.

येत्या ग्रामसभेला जाताना एक कोरा कागद आणि पेन सोबत न्या.