'ओन्ली', 'केवळ' आणि आपली फिर्याद

सातारा असो की सांगली, स्पर्धा परीक्षांचे क्लास आता गल्लोगल्ली आहेत. आपल्या वस्त्यांतली मुलेमुली तिथे इंग्रजी व्याकरण घोकतात. 'ओन्ली' वाक्यात कुठे बसवायचा, 'अनलेस'नंतर 'नॉट' का येत नाही, 'सब्जेक्ट टू' म्हणजे काय? पाठ करायचे, गुण घ्यायचे, विसरून जायचे. आमचा आक्षेप या विसरण्याला आहे. मर्यादा घालणारे हे शब्द परीक्षेत एक-दोन गुणांचे असतात, पण कोर्टात ते आपल्या माणसाला न्याय मिळणार की नाही हे ठरवतात.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा नावाचा मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. आज आपण तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो, हार घालतो, फोटो टाकतो. पण बाबासाहेबांनी ती भाषा साहेबी नोकरीसाठी वापरली का? त्यांनी तिच्यात कायदा लिहिला. संविधानाचे कलम १५(१) पाहा: राज्य 'ऑन ग्राउंड्स ओन्ली ऑफ' धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान भेदभाव करणार नाही. आता कलम १७ पाहा: अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे आणि तिचे 'इन एनी फॉर्म', म्हणजे कोणत्याही स्वरूपातले, आचरण निषिद्ध आहे. इथे 'ओन्ली' नाही, 'अनलेस' नाही, 'सब्जेक्ट टू' नाही. पळवाटेला जागाच ठेवलेली नाही.

मर्यादेचा शब्द काय करू शकतो, हे बौद्धांना कुणी वेगळे सांगायला नको. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूंहून वेगळा धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातींच्या बाहेर ठेवले. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला आपण धम्म स्वीकारला, पण त्या ओळीत 'बौद्ध' हा शब्द यायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे! दलित ख्रिश्चन आणि दलित मुस्लिम तर आजही त्या ओळीच्या बाहेरच उभे आहेत.

आता ॲट्रॉसिटी कायद्याकडे येऊ. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा दलित-आदिवासी व्यक्तीविरुद्ध घडला, तर कलम ३(२)(व्ही) लागते. मूळ कायद्यात शब्द होते 'ऑन द ग्राउंड दॅट', म्हणजे ती व्यक्ती त्या जातीची आहे या कारणावरून. त्यात 'ओन्ली' नव्हता. तरीही तो वाचला गेला. २०१९ चा खुमान सिंह खटला घ्या. शेतात शिरलेली गुरे हाकलली म्हणून वाद झाला. तू खंगार असून ठाकुरांची गुरे कशी हाकलतोस, असे आरोपी म्हणाल्याचे निकालातच नोंदलेले आहे. तरी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, गुन्हा केवळ जातीच्या कारणावरून घडल्याचा पुरावा नाही. हा 'केवळ' कायद्यात कुठे होता?

२०२१ च्या पाटण जमाल वली निकालात याच न्यायालयाने हे वाचन चुकीचे ठरवले. जातीसोबत दुसरी कारणे होती म्हणून संरक्षण नाकारता येत नाही, असे सांगितले. त्या खटल्यातही पुराव्याअभावी ॲट्रॉसिटीचे कलम टिकले नाही, हेही आपण लपवू नये. मधल्या काळात, २०१५ च्या दुरुस्तीने, ते शब्दच बदलले आणि २६ जानेवारी २०१६ पासून 'नोइंग दॅट' लागू झाले. आरोपीला पीडिताची जात माहीत होती, एवढे पुरे.

आणि आपण काय करतो? दोन्ही जिल्ह्यांत फिर्याद लिहिताना आम्ही हे वारंवार पाहिले आहे. पोरे रागाने लिहितात, 'केवळ आम्ही बौद्ध आहोत म्हणूनच मारले.' मराठीत 'केवळ' आणि 'च' जोर देण्यासाठी येतात. पण हायकोर्टात भाषांतर जाते, तेव्हा त्यांचा 'ओन्ली' होतो. मग समोरचा वकील बांधाचा वाद काढतो, उसने पैसे काढतो, आणि आपणच लिहिलेल्या 'केवळ'वर आपलीच फिर्याद पाडतो. कायद्याने न मागितलेले ओझे आपण स्वतःच्या डोक्यावर का घ्यायचे?

जातीवाचक अपमानाच्या कलमातही असेच आहे. तिथे 'विदिन पब्लिक व्ह्यू' हे शब्द आहेत, म्हणजे जागा लोकांच्या नजरेसमोरची हवी. ती सार्वजनिकच असावी असे नाही, हे २००८ च्या स्वर्ण सिंह निकालाने सांगितले. पण २०२० च्या हितेश वर्मा निकालाने, बाहेरचे कुणी नसताना चार भिंतींच्या आत झालेला अपमान या कलमाबाहेर ठेवला. म्हणून फिर्यादीत घडले तेच, पण पूर्ण लिहा: कुठे, कुणासमोर, कोण ऐकत होते, आरोपीला जात कशी माहीत होती.

काही मित्र म्हणतात, मानसिकता मनुवादी असेल तर शब्दांनी काय होणार? मानसिकतेशी लढा आहेच. पण कायद्यात नसलेला 'केवळ' घुसवला गेला, हे पकडणार कोण? मूळ मजकूर वाचणाराच ना?

म्हणून आमचे सांगणे आहे. विहारातल्या रविवारच्या वर्गात इंग्रजी शिकवा, पण उदाहरणे क्लासच्या पुस्तकातली नकोत, कायद्याच्या कलमांतली घ्या. 'शिका' याचा अर्थ हाही आहे.

जय भीम!