नकार, होकार आणि पालवणकर बाळू

२८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन येथील सैन्यभरती केंद्रात महंमद अली यांचे नाव पुकारले गेले आणि ते जागचे हलले नाहीत. व्हिएतनाम युद्धासाठीची सक्तीची भरती त्यांनी नाकारली. त्यांचे जगज्जेतेपद काढून घेण्यात आले, मुष्टियुद्धाचा परवाना गेला, पाच वर्षांचा तुरुंगवास आणि दहा हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपिलामुळे तुरुंग टळला. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, तीही तांत्रिक मुद्द्यावर. उमेदीची साडेतीन वर्षे मात्र वाया गेली ती गेलीच. याच माणसाने १९९६ मध्ये अटलांटा येथे ऑलिंपिकची ज्योत प्रज्वलित केली आणि २००५ मध्ये, इराकमध्ये अमेरिकेचे युद्ध चालू असताना, ते युद्ध पुकारणाऱ्या अध्यक्षांच्याच हातून देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान स्वीकारला.

अलींच्या वारशाविषयीचा वाद येथून सुरू होतो. नकारातला डंख काढून टाकल्यानंतर त्याचा गौरव करणे सत्तेला सोपे जाते. दुसऱ्या बाजूने, अलींना निर्दोष बंडखोर ठरवणाऱ्यांनाही काही गोष्टी झाकाव्या लागतात. १९६४ मध्ये माल्कम एक्स या जिवलग मित्राकडे त्यांनी पाठ फिरवली. वंशांनी वेगवेगळे राहावे हा आपल्या पंथाचा विचार त्यांनी बराच काळ मांडला. जो फ्रेझियर या कृष्णवर्णीयच प्रतिस्पर्ध्याला जाहीरपणे माकडाच्या पंक्तीत बसवले. या सगळ्यासकट अलींचा नकार मोठा राहतो का? आमच्या मते राहतो. परंतु हा निर्णय परक्या देशातील माणसाविषयी देणे सोपे असते. आपल्याच घरातील अशा माणसाविषयी आपण काय करतो, हे तपासून पाहण्यासारखे आहे. म्हणून येथे पालवणकर बाळूंचे नाव घ्यायचे आहे.

बाळूंचा जन्म १८७६ चा. कुटुंब कोकणातले, जात चांभार, वडील लष्करात नोकरीला. पुण्यातील युरोपीयांच्या क्लबात महिना चार रुपये पगारावर हा मुलगा खेळपट्टीची निगा राखत असे आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करत असे. फलंदाजीची संधी मात्र त्याला मिळत नसे. ते काम साहेबांचे. त्या सरावातून एक असामान्य डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. युरोपीयांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा, हे पुण्याच्या हिंदू क्लबाला कळले आणि बाळू संघात आले. मैदानावर चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना वेगळे, मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. पुढे ते मुंबईच्या हिंदू संघातून खेळू लागले. १९०६ मध्ये या संघाने युरोपीयांना १०९ धावांनी हरवले, त्यात त्यांचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरुण आंबेडकरांच्या पिढीतील अस्पृश्य मुलांना अभिमानाने सांगता येईल असे हे नाव होते.

संघातील सर्वांत मोठा खेळाडू असूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत कर्णधार पै आजारी पडले. नेतृत्व पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेले आणि चव्वेचाळीस वर्षांचे बाळू संघातूनच वगळले गेले. तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर पडले आणि हा अन्याय जातीमुळे होत असल्याचे त्यांनी जाहीर पत्रक काढून सांगितले. अखेर तडजोड झाली. पै परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले, भाऊही खेळले. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने स्पर्धा जिंकली.

अलींचा नकार राज्यसत्तेला होता, पालवणकरांचा एका निवड समितीला. तेव्हा ही तुलना ओढूनताणून केलेली आहे, असे कोणी म्हणेल. फरक आहेच, आणि तो आणखी खोल आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुणासाठी सैन्य ही सक्ती होती. आपल्याकडील अस्पृश्यांसाठी ते गावकीतून सुटण्याचे जवळजवळ एकमेव दार होते. १८९० च्या दशकात लढाऊ जातींच्या सिद्धान्ताखाली महारांची भरती थांबली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तिच्यामागे आंबेडकरांचा आग्रह होता. म्हणजे एकाचे स्वातंत्र्य गणवेश नाकारण्यात, तर दुसऱ्याचे तो मिळवण्यात. तेव्हा नकाराचे मोल ठरवताना, नाकारणाऱ्यापुढे दारे किती होती हेही पाहावे लागते. पालवणकर कुटुंबाला लष्कराने पुण्यात आणले आणि क्रिकेटने नाव दिले. त्यांच्यापुढे उघडे असलेले सर्वांत मोठे दार हिंदू संघाचे होते. तेच दार ओढून घेऊन दोन भाऊ बाहेर पडले, यात धाडस नाही असे कसे म्हणायचे?

अडचण पुढेच आहे. १९३२ च्या पुणे करारावर आंबेडकरांप्रमाणे बाळूंचीही सही आहे. पण स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर ते गांधीजींच्या बाजूचे होते. नंतर हिंदू महासभेच्या वतीने ते मुंबई महापालिकेची निवडणूक लढले आणि हरले. १९३५ मध्ये आंबेडकरांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, तिला बाळूंचा विरोध होता. आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईतील राखीव जागेवर काँग्रेसने आंबेडकरांविरुद्ध उमेदवार दिला तो पालवणकर बाळू. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. १९५५ मध्ये बाळूंचे निधन झाले.

या आयुष्याचे दोन तुकडे करून आपापला तुकडा उचलण्याची सोय आपण करून घेतली आहे. एका बाजूला गौरवाचे लेखन आहे. त्यात बाळू हे गुणवत्तेपुढे जात टिकत नाही याचा पुरावा होतात; मातीचे भांडे ओझरते येते आणि १९३७ येतच नाही. दुसऱ्या बाजूला मौन आहे. आंबेडकरांविरुद्ध उभा राहिलेला माणूस म्हणून चळवळीच्या स्मरणात त्यांना जागा उरत नाही आणि त्यांच्यासोबत १९२० चा नकारही पुसला जातो.

आमचे मत स्पष्ट आहे. १९३७ ची बाळूंची भूमिका राजकीयदृष्ट्या चुकीची होती. आंबेडकरांसारख्या नेत्याला पाडण्यासाठी एका लोकप्रिय खेळाडूचे नाव वापरले गेले, महार आणि चांभार यांच्यातील दुराव्याचाही त्यात हिशेब होता, आणि बाळूंनी ते होऊ दिले. मात्र चुकीची भूमिका आणि फितुरी यांत अंतर असते. बाळूंच्या अनुभवाने त्यांना शिकवले होते की आत राहून, खेळून, वेळप्रसंगी बाहेर पडून अडून बसले तर दार किलकिले होते. १९२३ चे कर्णधारपद हा त्यांच्यासाठी धडधडीत पुरावा होता. आंबेडकरांचा अनुभव याच्या नेमका उलट होता. १९२७ मध्ये महाडला पाण्यासाठी आणि १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिरासाठी ठोठावलेली दारे उघडली नाहीत. एका घरातल्या तीन खेळाडूंसाठी जे किलकिले झाले, ते लाखो माणसांसाठी बंदच होते. हे बाळूंना दिसले नाही किंवा पुरेसे दिसले नाही. त्यांची मर्यादा तिथे आहे. पण ही दोन अस्पृश्य अनुभवांमधली वादावादी आहे, आणि वाद म्हणून ती वाचली तर आंबेडकरांचा निष्कर्ष अधिकच उजळ होतो. प्रतिपक्ष पुसून टाकल्यावर निष्कर्षाचे वजन कळणार कसे?

साहित्याच्या विद्यार्थ्यांशी याचा संबंध थेट आहे. विठ्ठल पालवणकरांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मकथन १९४८ साली प्रसिद्ध झाले. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. म्हणजे दलित आत्मकथनांच्या इतिहासाचा आरंभ जेथून शिकवण्याची आपल्याला सवय आहे, त्याच्या तीस वर्षे आधी एका अस्पृश्य मराठी माणसाने आपल्या आयुष्याची कहाणी लिहून ठेवली होती. रामचंद्र गुहा यांनी २००२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्या पुस्तकाचा आधार घेऊन पालवणकर बंधूंना इतिहासात परत आणले. हे काम मराठीच्या प्राध्यापकांनी, म्हणजे आम्ही, आधी करायला हवे होते अशी अपेक्षा कोणी ठेवली तर ती अवाजवी नाही. विद्रोह ही दलित साहित्याची ओळख आम्ही शिकवतो आणि ती योग्यच आहे. परंतु तिची चाळणी झाली की क्रिकेटचे, संयमाचे, तडजोडीचे आत्मकथन खाली गळून पडते. ते ‘बलुतं’च्या शेजारी ठेवून वाचले पाहिजे. संतापाची भाषा मराठीत कुठून आली आणि ती येण्यापूर्वी तोच अपमान कोणत्या भाषेत सांगितला जात होता, हे शोधण्याचा तो एक मार्ग आहे.

परभणीसारख्या जिल्ह्यात बसून हे लिहिताना आम्हाला त्याची जोखीम ठाऊक आहे. मराठवाड्यात आंबेडकरांच्या नावासाठी १९७८ मध्ये घरे जळाली, माणसे मारली गेली आणि विद्यापीठाला ते नाव मिळायला १९९४ उजाडले. डिसेंबर २०२४ मध्ये परभणी शहरातच आंबेडकर पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि त्यानंतरचा क्षोभ सर्वांनी पाहिला. जिथे ते नाव आजही सुरक्षित नाही, तिथे त्यांच्याविरुद्ध निवडणूक लढवलेल्या माणसाची बाजू वर्गात समजावून सांगणे म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीत देणे नव्हे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. आमचे उत्तर इतकेच, की ते कोलीत आपण गप्प बसल्यानेच त्यांच्या हाती लागते. अर्धे बाळू सांगणाऱ्याला उत्तर द्यायचे तर पूर्ण बाळू आपल्या मुलांना माहीत असले पाहिजेत: मातीच्या भांड्यातला चहा, १९२० चे पत्रक, त्यानंतरची तडजोड, १९३७ ची उमेदवारी आणि त्यांच्यापेक्षा २,०२० मते जास्त घेऊन निवडून आलेले आंबेडकर. एवढे सगळे एका तासिकेत मांडता येते. येत्या सत्रात आम्ही ते मांडणार आहोत.